आधी भाषा विचारा, मग टोपी

"आर वर टोपी आहे म्हणून राहिला तो," काकू फोन कानाला लावूनच मला म्हणाल्या, आणि मी आर वर टोपी घातली.

माझ्याकडच्या फॉन्टात असलं अक्षर नव्हतं. म्हणून कोरलड्रॉमध्ये साधा आर टाकला, सहाच्या बटणावरचं छपरासारखं चिन्ह वेगळं घेतलं, बारीक केलं, आरच्या डोक्यावर मधोमध बसवलं आणि दोघांना ग्रुप करून टाकलं. स्वतःवर खूश होते मी. लग्नाच्या अडीचशे पत्रिका छापून, घड्या घालून, गठ्ठे बांधून दिले. काकूंचा मुलगा नागपूरच्या महाल भागातलाच, नोकरीला प्रागमध्ये, सून झेक. पत्रिकेचा फोटो व्हॉट्सॲपवर तिकडे पोचला आणि रात्री मुलाचा फोन आला, "ताई, टोपी उलटी बसली." सुनेच्या आडनावातल्या आर वर छप्पर नव्हतंच. छप्पर पालथं पाडल्यावर दिसेल तसं, इंग्रजी व्ही सारखं चिन्ह होतं. झेक लोक त्याला हाचेक म्हणतात, म्हणजे छोटा आकडा, अडकवायचा हूक असतो तसा. अडीचशे पत्रिका रद्दीत, नव्या अडीचशे माझ्या खर्चानं.

बडकस चौकाजवळ माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवून द्यायचं, दुकान आहे, चोवीस वर्षं झाली. पत्रिका, बिलबुकं, विद्यापीठाचे प्रबंध हे नेहमीचं काम. पण आता जर्मनीला शिकायला निघालेली पोरं बायोडेटा घेऊन येतात, धरमपेठेतले कॅफेवाले मेनू करायला येतात, आणि प्रत्येकाच्या कागदावर कुठं ना कुठं असं टिंब, रेघ, शेपूट असतंच. आमच्या धंद्यातले बहुतेक जण ते सोडून देतात. "चालते नं ताई, इंग्रजीच तर आहे," असं गिऱ्हाईकही म्हणतं. त्याच गिऱ्हाईकाचं आडनाव 'मुळे' असेल आणि मी 'मुले' छापलं, तर ते चालत नाही. म्हणून ही माझी पद्धत लिहून ठेवते, कोणाला उपयोगी पडली तर पडो.

भाषा कोणती?

चिन्ह कसं दिसतं हे नंतर. आधी विचारायचं की हे नाव किंवा शब्द कोणत्या भाषेतला आहे. कारण एकच चिन्ह दर देशात वेगळं काम करतं आणि वेगळ्या नावानं हिंडतं, आणि एकाच नावाखाली दोन देशांत दोन वेगळी चिन्हं निघतात.

हे मला स्पॅनिशनं शिकवलं. एक मुलगी स्पॅनिशच्या क्लासचं सर्टिफिकेट करायला आली होती. तिनं मॅडमना फोन लावून विचारलं आणि मला सांगितलं, "ओ वर टिल्ड आहे." टिल्ड म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे नागमोडी रेघ येते, एकच्या शेजारच्या बटणावरची. मी ओ वर नागमोडी टाकली. असा ओ पोर्तुगीजमध्ये आहे, एस्टोनियनमध्ये आहे, स्पॅनिशमध्ये नाहीच. स्पॅनिश माणूस 'तिल्दे' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला साधी तिरकी रेघ म्हणायची असते, शब्दात आघात कुठं द्यायचा ते दाखवणारी. नागमोडी फक्त एन वर येते, आणि त्या नागमोडीचं नेमकं नाव विर्गुलिया. त्यातही स्पॅनिश माणसाच्या लेखी तो 'एन वर काहीतरी' नसतो. ते 'एन्ये' नावाचं स्वतंत्र अक्षर आहे, वर्णमालेत एन नंतर येणारं. आपण ळ ला 'ल ला गाठ मारलेली' म्हणत नाही, तसंच. वर्ष या अर्थाच्या शब्दातून ती नागमोडी काढली तर जो शब्द उरतो त्याचा अर्थ गुदद्वार. "नवीन वर्षाच्या शुभेच्छा" स्पॅनिशमध्ये छापायची वेळ आली तर एवढं एक लक्षात ठेवा.

म्हणून आता फोनवर मी 'टोपी', 'टिल्ड', 'ॲक्सेंट' असे शब्द ऐकूनच घेत नाही. माझे शब्द ठरले आहेत आणि गिऱ्हाईकालाही तेच वापरायला लावते. डावीकडून उजवीकडे वाचताना वर जाते ती चढती रेघ. खाली येते ती उतरती. मधे टोक वर असलेलं ते छप्पर, आणि टोक खाली असलेला तो आकडा. आकड्यासारखंच पण गोल, टोक नसलेलं, ती वाटी. ही रुमानियात ए वर येते, आणि आकड्याशी गल्लत होते ती हिचीच. नागमोडी म्हणजे नागमोडी. दोन टिंबं शेजारी असतील तर जोडटिंब. गोल असेल तर कडी. खाली लोंबत असेल तर शेपूट, आणि मग शेपूट मधून निघते की उजव्या टोकाकडून, हा पुढचा प्रश्न. एवढ्या नऊ-दहा शब्दांत जवळजवळ सगळा युरोप बसतो.

एका गोड पदार्थात तीन रेघा

चढती, उतरती आणि छप्पर शिकायला धरमपेठेतल्या एका कॅफेचा मेनू माझ्या फार कामी आला. त्यात क्रेम ब्र्युले होतं, वर साखर जाळून कडक केलेलं कस्टर्ड. फ्रेंचमध्ये हे दोन शब्द लिहायला तिन्ही खुणा लागतात. क्रेममधल्या पहिल्या ई वर उतरती रेघ, ब्र्युलेमधल्या यू वर छप्पर, आणि शेवटी जे दोन ई येतात त्यातल्या पहिल्यावर चढती, दुसरा मोकळा. हा एक शब्दसमूह बरोबर टाइप करता आला की फ्रेंचचं निम्मं काम झालं समजा.

फ्रेंच लोक चढतीला अक्सांतेग्यू म्हणतात आणि ती त्यांच्याकडे फक्त ई वर येते. उतरती म्हणजे अक्सां ग्राव्ह. ती ए, ई आणि यू वर येते, पण यू वर येते ती सगळ्या फ्रेंच भाषेत एकाच शब्दात, 'कुठे' या अर्थाच्या. रेघ काढली की त्याचा अर्थ 'किंवा' होतो. एका शब्दासाठी फ्रेंच कीबोर्डवर त्या यू ला वेगळं बटण दिलेलं आहे! आपल्याकडे ॲ साठी किती वर्षं थांबावं लागलं ते आठवलं की हेवा वाटतो.

छपराची गंमत अशी की पुष्कळदा ते खाली गाडलेल्या एस चं थडगं असतं. इंग्रजीतलं फॉरेस्ट, हॉस्पिटल, फीस्ट हे शब्द फ्रेंचमध्ये पाहिले तर एस गायब आणि आधीच्या स्वरावर छप्पर. ब्र्युलेमध्येही पूर्वी एस होता. १९९० च्या सुधारणेत आय आणि यू वरचं छपर बहुतेक शब्दांत ऐच्छिक केलं, त्यामुळे ब्र्युले बिनछपराचं छापलं तरी नव्या नियमानं चूक नाही. मी मेनूवर छपर ठेवते. जळलेल्या साखरेला शोभतं.

त्याच मेनूत मालकानं लाते वर चढती रेघ मागितली होती. का, तर "जरा फॉरेन वाटते." लाते इटालियन आहे आणि त्यावर काहीच नसतं. इटालियनमध्ये रेघ येते ती सहसा शब्दाच्या शेवटी आणि सहसा उतरती. कॉफीचा फ्रेंच शब्द चढत्या रेघेनं संपतो, इटालियन शब्द उतरत्या रेघेनं, शिवाय इटालियनमध्ये एफ दोन. तेव्हा मेनूवर कॉफी कोणत्या देशाची ते एकदा ठरवा. तसंच मिरच्यांचं: हालापेन्योमध्ये एन वर नागमोडी आहे, हाबानेरोमध्ये नाही. लोक देखादेखी दोन्हींवर घालतात.

आता नावांकडे जरा थांबते, कारण इथं आपलं घरचं काहीतरी सापडतं. रामटेकच्या संस्कृत विद्यापीठातला एक विद्यार्थी प्रबंध घेऊन महिनाभर माझ्याकडे बसत होता. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत कूलरचा आवाज, आणि तो मला ऋग्वेदाच्या ओळींखालच्या आडव्या रेघा आणि वरच्या उभ्या रेघा जागेवर बसवायला लावत होता. त्यानं सांगितलं की उदात्त, अनुदात्त, स्वरित हे जे आपले तीन स्वर, तेच तीन ग्रीकांकडे होते. उंच, उंच नसलेला, आणि उंचावरून खाली येणारा. ग्रीकमध्ये या खुणा करण्याचं श्रेय अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयातल्या बायझँटियमच्या ॲरिस्टोफेनिसला देतात, इसवी सनापूर्वी २०० च्या सुमारास. ग्रीकांनी त्यांना तीक्ष्ण, जड आणि वळवलेला अशी नावं दिली, रोमन लोकांनी त्यांचं जसंच्या तसं लॅटिन केलं, आणि त्यातून अक्यूट, ग्रेव्ह, सर्कमफ्लेक्स आले. म्हणजे चढती रेघ खरंच चढत्या आवाजाची होती. फरक एवढाच की ग्रीकांनी उंच स्वरावर रेघ दिली, आणि ऋग्वेदाच्या पोथीत उदात्तावर काहीच नसतं, खूण असते ती त्याच्या शेजाऱ्यांना.

पुढे आवाजाची चढउतार गेली आणि रेघ मोकळी पडली. मग ज्याला जशी लागली तशी त्यानं कामाला लावली. चढती रेघ फ्रेंचमध्ये ई चा उच्चार बदलते, स्पॅनिशमध्ये आघात दाखवते, झेक आणि हंगेरियनमध्ये स्वर दीर्घ करते, म्हणजे चक्क आपली दुसरी वेलांटी. आयरिश लोक तर तिला फाडाच म्हणतात, फाडा म्हणजे लांब. त्यांच्याकडे पुरुष आणि गवत या दोन शब्दांत एका फाड्याचा फरक आहे. पोर्तुगीजमध्ये आजी आणि आजोबा यांचं स्पेलिंग एकच; शेवटच्या ओ वर चढती असेल तर आजी, छप्पर असेल तर आजोबा. हे कळल्यापासून पोर्तुगीज मजकूर आला की मी चष्मा पुसून बसते. खुद्द ग्रीकांनी मात्र १९८२ साली सगळं आवरून एकच रेघ ठेवली, टोनोस.

असं आवरणं आपणही केलं आहे. माझे वडील कंपोझिटर होते, खिळे जुळवायचे. 'कांहीं' या एका शब्दाला अनुस्वाराचे दोन खिळे लागत, 'नांव', 'पांच' सगळीकडे टिंबं. १९६२ च्या नियमांनी उच्चार न होणारे अनुस्वार गेले तेव्हा अनुस्वाराचा खण भरलेलाच राहायला लागला, असं ते सांगायचे.

आणि अनुस्वारावरून नागमोडी. जुने लेखनिक चामड्यावर लिहायचे, जागा वाचवायची म्हणून शब्दातला एन गाळून त्याची बारीक खूण वर काढायचे. तीच पुढे नागमोडी झाली. स्पॅनिशमध्ये ती दोन एन च्या जागी आली, पोर्तुगीजमध्ये ए आणि ओ वर बसून आवाज नाकातून काढायला लागली. पूर्ण न् न लिहिता डोक्यावर खूण द्यायची, हे आपण 'अन्त' चं 'अंत' करताना करतोच. पोर्तुगीज भाकरीच्या शब्दातल्या ए वर ही नागमोडी आहे. तो शब्द आपण रोज खातो: पाव. आपण खाताना फक्त नाकातला आवाज सोडून दिला.

दोन टिंबं, तीन मालक

जोडटिंबावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. जर्मन त्याला उमलाउट म्हणतात, आणि तिथं ते अक्षराचा आवाजच बदलतं. 'आधीच' आणि 'सुंदर' या दोन जर्मन शब्दांत दोन टिंबांचाच फरक. ही टिंबं मुळात टिंबं नव्हती. स्वराच्या डोक्यावर बारीक ई लिहायचे. हाताच्या वळणात त्या ई च्या दोन उभ्या रेघा उरल्या, मग रेघांची टिंबं झाली. म्हणूनच टिंबं टाकायची सोय नसेल तर जर्मनमध्ये ती नुसती गाळायची नसतात, पुढे ई जोडायचा असतो. ए च्या पुढे ई, ओ च्या पुढे ई, यू च्या पुढे ई. ऑनलाइन फॉर्म टिंबं घेत नसेल तर मुलांना मी हेच करायला सांगते.

फ्रेंचमधली दोन टिंबं म्हणजे त्रेमा. काम बरोब्बर उलटं: आवाज बदलू नको, शेजारच्या स्वरात मिसळू नको, सुटा राहा. ए आणि आय शेजारी आले तर फ्रेंच माणूस त्यांचा मिळून एक स्वर करतो; आय वर त्रेमा असेल तर 'ऐ' सारखं न जुळवता अ-ई असं वेगळं वाचायचं. नाताळच्या फ्रेंच शब्दात ई वर हेच आहे. कॉम्प्युटरला उमलाउट आणि त्रेमा यांत काही फरक कळत नाही, दोघांना एकच नंबर. फरक फक्त सोय नसेल तेव्हा कळतो: उमलाउटच्या जागी ई जोडायचा, त्रेमाच्या जागी नाही.

तिसरे मालक स्वीडिश. त्यांच्या लेखी टिंबवाला ओ हा ओ नाहीच. वर्णमालेत एकोणतीस अक्षरं, आणि शेवटची तीन म्हणजे कडीवाला ए, टिंबवाला ए, टिंबवाला ओ, झेडच्याही नंतर. प्रबंधाच्या शेवटी संदर्भांची यादी लावताना हे नडतं. इंग्रजी प्रबंधात सगळे साध्या ओ मध्येच लावायचे, पण गाइड सरांना एकदा विचारून घ्या, कारण एका सरांनी मला ती यादी तीनदा फिरवायला लावली. कडीवाला ए डेन्मार्कनं १९४८ साली घेतला, त्याआधी दोन ए लिहीत. आणि ऑरहुस शहरानं २०११ पासून पुन्हा दोन ए घेतले. नकाशात दोन्ही सापडतील, दोन्ही तेच गाव.

टिंबांचा चौथा एक तोतया आहे. हंगेरियनमध्ये ओ आणि यू वर दोन टिंबं असतात, आणि तोच स्वर दीर्घ असेल तर टिंबांऐवजी दोन चढत्या रेघा शेजारी शेजारी. गणिताच्या प्रबंधात एर्डॉश या हंगेरियन गणितज्ञाचं नाव आलं की हा ओ येतो. माझ्याकडे आलेल्या फाइलीत तो नागमोडीवाला ओ झाला होता, पंधरा ठिकाणी. कारण जुन्या कॉम्प्युटरांत अक्षरांना नंबर देणारा पश्चिम युरोपचा तक्ता वेगळा आणि मध्य युरोपचा वेगळा. २४५ नंबरच्या खणात एकात नागमोडीचा ओ, दुसऱ्यात दोन रेघांचा. फाइल एका तक्त्यात लिहिली, दुसऱ्यात उघडली. आपल्या देवनागरी फॉन्टांत श्रीलिपीची फाइल कृतिदेवमध्ये उघडल्यावर जे होतं तेच, फक्त इथं बिघाड इतका थोडा की नजरेतून सुटतो.

आकडा आणि शेपूट

आकड्यावर मी पैसे घालवले आहेत म्हणून सांगते. झेकमध्ये तीन खुणा: आकडा म्हणजे हाचेक, रेघ म्हणजे चारका, आणि यू वर कडी. ही कडी म्हणजे एकेकाळचा ओ, यू च्या डोक्यावर चढून बसलेला. आकड्याच्या जागी पूर्वी टिंब होतं. ते पंधराव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका लॅटिन पुस्तिकेतून आलं, जी यान हुस या झेक धर्मसुधारकाच्या नावावर सांगतात. शेजारचे स्लोवाक त्याच आकड्याला 'मऊ करणारा' म्हणतात, स्लोव्हेनियात तो 'छोटं छप्पर' होतो. छप्पर! टोक खाली असूनही. वेल्श भाषेतही 'छोटं छप्पर' आहे, पण ते खरंच छप्पर आहे, टोक वर. आता सांगा, फोनवर नाव ऐकून काय छापायचं? कॉम्प्युटरच्या तक्त्यांत त्याचं इंग्रजी नाव कॅरन, ते रोजच्या बोलण्यात सहसा कोणी वापरत नाही.

आकड्याचा एक चकवा: डी, टी, एल ही छोटी अक्षरं उंच असतात, त्यांच्या डोक्यावर आकडा मावत नाही. म्हणून छापताना तो आकडा बाजूला स्वल्पविरामासारखा दिसतो. ते पाहून ॲपोस्ट्रॉफी टाकू नका. ते पूर्ण अक्षर एकसंध आहे, आणि ॲपोस्ट्रॉफी टाकली की पुढच्या अक्षरापर्यंत भगदाड पडतं.

खालच्या शेपटीत सेदीय सगळ्यांना माहीत असते, फ्रेंच सी ची. ती मधून लोंबते. तिचं नाव स्पॅनिश, अर्थ छोटा झेड, कारण ती झेडचीच शेपूट होती. आणि स्पॅनिशनं स्वतः ती अठराव्या शतकात टाकून दिली. नाव देणाऱ्याच्याच घरात ती नाही. पोलिश शेपूट वेगळी, ए आणि ई च्या उजव्या टोकाकडून निघून बाहेर वळते, नाव ओगोनेक, म्हणजे शेपटीच. पोलिशमध्ये झेडवर रेघ असेल तर एक अक्षर आणि टिंब असेल तर दुसरं, हे सांगितल्याशिवाय कोणी लक्ष देत नाही. वूच नावाचं शहर आहे. नकाशावर आपण ते लोड्झ वाचतो. चारातल्या तीन अक्षरांवर खुणा, एल ला मधून आडवा छेद, ओ वर रेघ, झेडवर रेघ. सगळ्या काढल्या की ते गाव तिथल्या माणसालाही ओळखू येणार नाही.

रुमानियन एस आणि टी खाली शेपूट नसते, सुटा स्वल्पविराम असतो. जोडलेली शेपूट तुर्की एस ची. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या एकाच तक्त्यात, रुमानियनचं वेगळं अक्षर १९९९ साली आलं, त्याआधी सगळे तुर्की अक्षरावर भागवत, म्हणून जुन्या कागदांवर दोन्ही दिसतं. नवीन कामात स्वल्पविरामवालंच घ्या.

बटणं

मराठी टायपिंगची परीक्षा मी मशीनवर दिली. त्यात उकाराचं बटण दाबलं की कागद पुढे सरकायचा नाही. युरोपच्या टाइपरायटरवर रेघेचं बटणही तसंच, त्याला डेड की म्हणत: आधी रेघ, मग अक्षर. वर्डमध्ये तीच चाल अजून आहे. कंट्रोल धरून ॲपोस्ट्रॉफी दाबा, दोन्ही सोडा, मग ई दाबा, चढत्या रेघेचा ई येतो. कंट्रोल आणि स्वल्पविराम, मग सी, की सेदीय. कंट्रोल, शिफ्ट आणि कोलन, मग यू, की जर्मन यू. कंट्रोल, शिफ्ट आणि नागमोडी, मग एन.

वर्डबाहेर, म्हणजे पेजमेकर-कोरलमध्ये, नमलॉक लावून ऑल्ट धरायचा आणि उजवीकडच्या नंबर पॅडवर नंबर टाकायचे. वरच्या ओळीतले चालत नाहीत, आणि लॅपटॉपला पॅड नसेल तर हा मार्ग बंद. माझ्या मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी चिकटवलेली आहे: ई चढती ०२३३, उतरती ०२३२, छप्पर ०२३४, टिंबं ०२३५, जर्मन ए ०२२८, ओ ०२४६, यू ०२५२, एस्सेट (जर्मन दुहेरी एस) ०२२३, सेदीय ०२३१, एन्ये ०२४१, कडीचा ए ०२२९. हाचेकवाला आर या चिठ्ठीत नाही. त्यासाठी वर्डमध्ये ०१५९ टाइप करून ऑल्ट-एक्स दाबायचं. हंगेरियन ओ ०१५१, पोलिश छेदाचा एल ०१४२, तसंच. हे त्या दिवशी माहीत असतं तर अडीचशे पत्रिका वाचल्या असत्या. मोबाइलवर काही पाठच करावं लागत नाही, अक्षर दाबून धरलं की सगळी वंशावळ वर येते.

अक्षर हातानं जोडून तयार करू नका, मी केलं तसं. छापील कागदावर खपून जातं, पण पीडीएफमधून नाव शोधायला गेलं की सापडत नाही, कारण आत नुसता आर आणि शेजारी भटकं छप्पर असतं. कॉपी-पेस्ट चालतं, पण पेस्ट केल्यावर फॉन्ट पाहा. आपले जुने नॉन-युनिकोड मराठी फॉन्ट याच खणांत आपली अक्षरं दडवून बसलेले आहेत. सगळा मजकूर सिलेक्ट करून मराठी फॉन्ट लावला की फ्रेंच ई च्या जागी एखादं जोडाक्षर उगवतं. आणि ई च्या जागी नागमोडीचा मोठा ए आणि मागे कॉपीराइटचं गोल चिन्ह दिसलं तर घाबरू नका, फाइल बिघडलेली नाही, फक्त चुकीच्या एन्कोडिंगनं उघडली आहे. यूटीएफ-८ निवडून परत उघडा.

दिसायला सारखं आणि आतून वेगळं, हेही होतं. रेघवाला ई एकसंध अक्षर म्हणूनही येतो आणि ई अधिक रेघ असा दोन तुकड्यांतही येतो. आपला ॲ तसाच: अ वर चंद्र देऊनही दिसतो आणि एकसंध अक्षरही आहे. ते एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, आणि त्याच आवृत्तीत जर्मन एस्सेटचं मोठं रूपही आलं. जर्मनांनी ते आपल्या अधिकृत नियमांत २०१७ साली घेतलं. तोवर सगळी अक्षरं मोठी करताना एस्सेटच्या जागी दोन एस टाकत, आजही चालतं. मोठ्या अक्षरांवरून आठवलं: फ्रेंचमध्ये मोठ्या अक्षरांवर रेघा नसतात असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर ऐकू नका. टाइपरायटरवर सोय नव्हती म्हणून ती सवय लागली. फ्रेंच अकादमी रेघा ठेवायलाच सांगते.

छापण्याआधी पान दुप्पट मोठं करून त्या अक्षराच्या दोन्ही बाजूंची अक्षरं बघा. फॉन्टात ते अक्षर नसेल तर कॉम्प्युटर गुपचूप दुसऱ्या फॉन्टातून उसनं आणतो, आणि ते जरा जाड किंवा जरा बुटकं दिसतं. आडनावात असं एकच अक्षर उपरं दिसलं की आख्ख्या ओळीचा फॉन्ट बदला.

आणि नाव छापायचं असेल तर फोनवर स्पेलिंग घेऊच नका, पासपोर्टच्या पानाचा फोटो मागवा. पण त्यातही वरचा, नाव लिहिलेला भाग बघायचा. सगळ्यात खाली दोन ओळी असतात, बाणांच्या टोकांनी भरलेल्या, त्या मशीनसाठी आहेत आणि तिथं खुणा चालत नाहीत. जर्मन माणसाच्या वरच्या नावात टिंबांचा यू असतो आणि खाली यू-ई झालेला असतो. झेक माणसाचा खाली नुसता आर असतो. काकूंच्या मुलानं दुसऱ्या वेळी मला पाठवलेला पहिला फोटो फक्त खालच्या दोन ओळींचाच होता.